नवव्या ग्रीनवरचा गहू

गवत वाढवणं सोपं आहे. गवताले कोणी वाढवाच लागत नाही. ते आपलंआपण वाढते, तुमच्या बांधावर, माह्या छपरावर, ग्रामपंचायतीच्या नालीतसुद्धा! पण गवताले दाढीच्या खुंटाएवढं ठेवणं, हिरवंगार ठेवणं, अन् त्यावर अंडं सोडलं तर ते सरळ रेषेत घरंगळत गेलं पायजे असं ठेवणं, हे काम साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच माणूस करू शकते. तो माणूस म्हणजे मी, बादल. हेड ग्रीनकीपर! हसू नका. शर्टावर लिहून आहे.

आता यवतमाळ जिल्ह्यात गोल्फ कुठून आला, असं तुम्ही विचारसान. सांगतो. हाफिजभाई दारव्ह्याचे कापसाचे व्यापारी. बोरी अरबच्या रस्त्यावर त्याइची एक बरड जमीन. तिथं कापसाची पऱ्हाटी लावली तर गुडघ्याएवढी व्हायच्या आधीच म्हातारी होये. सोयाबीन तर उगवून पस्तावे. त्याइची पोरगी गझाला पुण्याले शिकाले गेली अन् गोल्फ खेळाले लागली. नुसती खेळाले नाही लागली, त्यावरच पोट भरणारी खेळाडू झाली! एक दिवस बापाले म्हणे, "अब्बू, या जमिनीत काहीच येत नाही ना? मंग गोल्फ येऊ द्या."

बाहेरून डिझायनर आला. त्यानं नकाशा काढला, टेकड्या उकरल्या, वाळूचे खड्डे केले, एक तळं केलं. तळ्यात पहिल्याच दिवशी आमच्या बंजाऱ्याइच्या तांड्यातल्या म्हशी उतरल्या, त्या अजून निघाल्या नाहीत. अन् असं नऊ भोकाइचं मैदान उभं राह्यलं. प्रत्येक भोकाभोवती एक गुळगुळीत अंगण, त्याले ग्रीन म्हणतात. भोकात काठी, काठीले पांढरा झेंडा. दुरून चेंडू हाणत हाणत आणायचा अन् शेवटी त्या भोकात ढकलायचा. मले कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, हातानं टाका अन् घरी जा. पण मले कोणी विचारत नाही.

या कामाच्या आधी मी सासऱ्याची जीप चालवत होतो. डोंगरसिंग माह्या सासऱ्याचं नाव. दारव्हा ते बोरी, सीटवाली जीप. आता तुम्हाले माहीतच आहे, सीटवाली जीप भरल्याशिवाय हलत नाही. अन् मी हलल्याशिवाय राहत नाही! माही बायको बबिता म्हणते, "याइच्या पायाले भिंगरी लावूनच याइले जन्माले घातलं." स्टॅंडवर सीटा भरेपर्यंत बसून राहायचं म्हणजे मले जेल! मी दोन सवाऱ्या घेऊनच निघून जाओ. एकदा तर एकही नव्हती, तरी निघालो. सासऱ्यानं डोक्याले हात लावला. त्यापेक्षा गोल्फ बरा. तिथं चालाले मोकळं रान होतं.

तर यंदा गझालानं मोठा घाट घातला. बायांची स्पर्धा आपल्या मैदानावर! देशभरातून पगारी खेळाडू पोरी येणार. तारीख भेटली ती श्रावणातली. चांगले महिने मोठ्या शहराइनं धरून ठेवले होते. मैदान पास कराले गोल्फच्या संघटनेकडून सत्यशीला मॅडम आल्या. उन्हात टोपी घालून नऊच्या नऊ ग्रीन पाह्यले, गुडघ्यावर बसून गवत चोळून पाह्यलं, वास घेतला. मंग म्हणे, "मैदान उत्तम आहे. स्पर्धेच्या आधी मी एकदा शेवटचं बघायला येईन. तोवर फक्त कापायचं आणि पाणी द्यायचं. बाकी काही करू नका."

काही करू नका! मले म्हणतात काही करू नका!

त्या गेल्यावर हाफिजभाईनं मले बाजूले घेतलं. "बादल, मॅडमनं शेवटच्या टायमाले पास केलं, तर तू इथं पक्का. अन् काही गडबड झाली, तर भाऊ, तुही जीप उभीच आहे."

आता मले सांगा, एवढं ऐकल्यावर माणूस हातावर हात ठेवून बसन काय? एक दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी मले नवव्या ग्रीनवर गवत जरासं फिक्कट वाटाले लागलं. नववं ग्रीन म्हणजे क्लबहाऊसच्या ओसरीपुढंच. पाव्हणे चहा पीत तेच पाहणार! आपल्या इकडं फिक्कट म्हटलं की एकच औषध, युरिया. मी म्हटलं, चिमूटभर टाकतो, कोणाले समजते? घमेलं घेतलं, त्यात युरिया घेतला, अन् झेंड्याजवळ गेलो. तेवढ्यात फोन वाजला. सासरा!

"जवाईबापू, जीपले डायव्हर नाही. पोळ्यापासून येता ना?"

"नाही येत, मामाजी! मी हेड ग्रीनकीपर आहो!"

"गवत किती दिवस राहीन? जीप लोखंडाची आहे."

मले असा राग आला! अन् माही एक खोड आहे, मले फोनवर उभं राहून बोलता येत नाही. फिरत फिरत बोलावं लागते. सासरा बोलून राह्यला, मी झेंड्याभोवती फिरून राह्यलो. एका हातात फोन, काखेत घमेलं, अन् रिकामा हात आपल्याच तालात टाकून राह्यला! फोन ठेवला अन् पाह्यलं, तर घमेलं रिकामं.

पाऊसही मेला त्याच आठवड्यात दडी मारून बसला. दोन-तीन दिवसात नवव्या ग्रीनवर झेंड्याभोवती एक गोल उमटला. आधी पिवळा, मंग तपकिरी, मंग भाजलेल्या पापडासारखा. मशीनवाला अब्रार सकाळी गवत कापाले आला अन् मशीन बंद करून पाहतच राह्यला.

"बादलभाऊ, ये क्या? रात्री कोणी तेलाची घाणी चालवली का इथं?"

"उष्णता," मी म्हटलं.

"उष्णता गोल फिरते?"

"तू मशीनचं पाह्य रे!"

त्यानं शेडमागं पडलेल्या युरियाच्या रिकाम्या पोत्याकडं पाह्यलं अन् निघून गेला. मले जेवण जाईना. हात धुवायचे, ताटावर बसायचं, उठायचं, मैदानावर जायचं, गोल पाहायचा, परत यायचं. बबिता म्हणे, "तुमचं ताट बैलगाडीवर ठेवू का? मागं मागं आणते."

त्या दिवशी तांड्याच्या पुढाऱ्याच्या, नायकाच्या घरावरून जाऊन राह्यलो होतो. आमच्या तांड्यात श्रावणात तीज असते. कुवाऱ्या पोरी टोपल्यात वारुळाची माती अन् शेणखत भरतात, भिजवलेला गहू पेरतात, सकाळ-संध्याकाळ गाणे म्हणत पाणी घालतात. काही दिवसातच टोपलीत असा हिरवा गहू उभा राहते, की डोळे निवतात! शेवटी पोरी रडत रडत तो उपटतात अन् पाण्यात सोडतात. म्हातारे त्याचे कोंब पागोट्यात खोचतात. मी नायकाच्या दारात त्या टोपल्या पाह्यल्या अन् जाग्यावरच थांबलो. मी थांबलो, यावरून समजून घ्या किती मोठा विचार आला असन!

गहू! पेरायचा, उगवला की मशीननं खुंटाएवढा कापायचा. हिरव्यात हिरवं. कोणाच्या बापाले समजन?

आमच्या तांड्यात रुपीकाकू सगळ्यात म्हातारी. तीज कशी दाट येते हे तिलेच विचारावं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. काकूनं सारं सांगतलं, गहू किती भिजवावा, माती कशी चाळावी. मंग डोळे बारीक केले. "पण तुले कायले पायजे रे? तुह्या घरी तर कुवारी पोरगी नाही."

"असंच. ज्ञान."

"तुले?" म्हणे, अन् लुगड्याचा पदर तोंडाले लावून हसली.

मी वारुळाची माती आणली, मेलेलं गवत खरवडलं, गहू पेरला, वरून बारदाना झाकला. अब्रारले सांगतलं, "औषध टाकलं, दोन-चार दिवस इकडं फिरकू नको." अन् काय सांगू तुम्हाले, तो गहू उगवला! असा उगवला की डिझायनरचं सारं मैदान त्यापुढं वाळकं वाटे. मी खुश. उद्या मशीन फिरवतो म्हटलं. अन् बारदाना काढून तो डोळे भरून पाहून राह्यलो होतो, तर मागून हाफिजभाई!

"बादल! ये क्या चीज है?"

माह्या तोंडातून काय निघावं? "लेडीज रिंग, हाफिजभाई!"

"क्या रिंग?"

"बायाइच्या स्पर्धेत असते. शेवटच्या भोकाभोवती. चेंडू अडकला पायजे, म्हणजे मजा येते. डिझाइन आहे डिझाइन!"

हाफिजभाईचे डोळे चमकले. "क्या बात है! माह्या डिझायनरले सुचलं नाही, अन् तुले सुचलं!"

"आता जराशी कापतो," मी म्हटलं.

"कापतो? पागल आहे का? एवढी सुंदर चीज! वाढू दे. मॅडमले वाढलेली दाखवू!"

अन् माह्यापुढंच मॅडमले फोन लावला. "मॅडम, लेडीज रिंग एकदम तैयार आहे!" तिकडून त्या काय म्हणाल्या ऐकू आलं नाही. 

मंग गहू बोटभर झाला, वीतभर झाला. रोज सकाळी मी मशीनपाशी जावं अन् हाफिजभाई ओसरीवर चहा पीत रिंगकडं पाहत बसलेले दिसावे. दारव्ह्याचे व्यापारी दोस्त आणून दाखवे. एक तर म्हणे, "हाफिजभाई, एकाच भोकाले काहून? नऊच्या नऊले पायजे!" हाफिजभाईनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "बियाणं बाहेरून आणावं लागते," अन् पाणी बंद कराच्या नावाखाली पळालो.

इथपर्यंत ठीक होतं. पण मैदानात निंदाले आमच्याच तांड्यातल्या बाया येत. त्या बायाइनं काय पाह्यलं? मधात पांढरा झेंडा, अन् त्याच्याभोवती गोल, वीतभर, हिरवीगार तीज! आता आमच्यात पांढरा झेंडा म्हणजे देवाचं ठिकाण. बायाइनं खुरपे खाली ठेवले, चपला काढल्या अन् हात जोडले. दुपारपर्यंत साऱ्या तांड्यात बातमी. हाफिजभाईनं खेळाले येणाऱ्या कुवाऱ्या पोरीइसाठी तीज पेरली! किती चांगला माणूस! किती मान ठेवते आपला!

संध्याकाळी मी ग्रीनवर गेलो, तर नारळ फोडलेला. भोकात कोणी तरी सव्वा रुपया टाकून गेलेलं.

मी ठरवलं, आता बस. उद्या दिवस निघाच्या आधी कापतो, मंग हाफिजभाई काय म्हणायचं ते म्हणो. पहाटेच अब्रारले घेऊन मशीन काढलं. ग्रीनवर पोचलो, तर रुपीकाकू अन् सारा तांडा आमच्या आधी हजर! पोरी झेंड्याभोवती फेर धरून गाणे म्हणून राह्यल्या.

"मशीन कायले आणलं रे?" काकूनं विचारलं.

"जरासं, वरून वरून..."

"तीज कापते?" काकू एवढी जोरात ओरडली की तळ्यातल्या म्हशीइनं माना वळवल्या. "तीज कोणी कापते? ते हातानं उपटा लागते, पोरीइनं, शेवटच्या दिवशी!"

अब्रार मशीनवरून खाली उतरला. "बादलभाऊ, मी नाही बा. या बाया मले हाणतीन."

गाणे ऐकून हाफिजभाई ओसरीवर आले. काकूनं त्याइले दोन्ही हातानं आशीर्वाद दिला. हाफिजभाई माह्या कानाशी आले. "बादल, ही रिंग आहे का यांची पूजा?"

"दोन्ही," मी म्हटलं.

हाफिजभाईनं तिथंच बूट काढले. "मंग हात नाही लावायचा. दुसऱ्याच्या देवाच्या चीजले हाफिज हात लावत नाही, अन् लावू देत नाही!" म्हणजे आता साऱ्या मैदानावर सारे एवढे सज्जन झाले, की त्या गव्हाचं एक पातं तोडाले कोणी तयार नाही.  खरं सांगावं तर जीप. न सांगावं तरी जीप.

अन् त्याच दिवशी मॅडम आल्या. संगं गझाला अन् सरावाले आलेल्या चार-पाच खेळाडू पोरी. मी तवा काय करत होतो? झेंड्यापासून ओसरीपर्यंत, ओसरीपासून झेंड्यापर्यंत येरझारा! त्या पोरीइले फेर दिसला, अन् त्या ढोलकीच्या तालावर पाय हलवाले लागल्या. मॅडम मात्र सरळ गव्हापाशी आल्या. एकदा झेंड्याकडं पाह्यलं, एकदा नारळाच्या करवंट्यांकडं. मंग साऱ्याइकडं नजर फिरवून विचारलं, "हे काय आहे?"

"लेडीज रिंग!" हाफिजभाई.

"तीज!" रुपीकाकू.

"युरिया," अब्रार म्हणे.

ढोलकी थांबली. मॅडमनं खाली बसून एक पातं उपटलं, बोटानं चोळलं. "हा तर गहू आहे. कुणी पेरला?"

सारा तांडा हाफिजभाईकडं पाहे, हाफिजभाई माह्याकडं पाहे. अन् मी कुठं पाहू? सांगून टाकलं. युरिया, सासऱ्याचा फोन, घमेलं, वारुळाची माती, सारं. बोलता बोलता मी परत गोल फिराले लागलो होतो. अब्रारनं मले खांद्याले धरून थांबवलं.

मले वाटलं काकू आता खुरपं घेऊन येते. पण काकू कमरेवर हात ठेवून म्हणे, "म्हणजे ही तीज तू पेरली? तू सोता?"

"हो."

"अरे बयताडा, तीज कुवाऱ्या पोरी पेरतात! चांगला नवरा भेटावा म्हणून!"

अन् असा हशा उठला! बाया एकमेकीच्या अंगावर पडून हसाले लागल्या. "बादलले नवरा पायजे!" "मिशीवाला पाह्य गं!" "जीपवाला पाह्य!" अन् त्या गर्दीत माही बायको बबिता. मले वाटलं, ही तरी बाजू घेईन. ती पदर सावरून म्हणे, "मी एवढी श्रद्धेनं पेरली होती, तवा मले हे भेटले. आता याइले कसा भेटते ते पाहू."

लाज वाटली, खोटं काहून बोलू? पण खरं लागलं ते वेगळंच. साऱ्या हसून राह्यल्या होत्या, एकटी गझाला हसत नव्हती. ती उघड्या पायानं त्या गव्हापुढं उभी होती. म्हणे, "बादलभाऊ, साऱ्या देशात खेळली मी. घरच्या मैदानावर पहिल्यांदा खेळणार होती." जीप गेली चुलीत, त्या पोरीचं तोंड मले पाहवेना. मी म्हटलं, "बेटा, माहंच चुकलं." अन् पहिल्यांदाच मले कुठं जावं ते सुचलं नाही.

मॅडम मात्र उठून चालाले लागल्या. क्लबहाऊसच्या बाजूले सरावाचं एक ग्रीन होतं, छोटंसं. तिथं त्याइनं खिशातून चेंडू काढला अन् हलकेच सोडला. चेंडू सरळ गेला, सरळ गेला, जाऊन काठाशी थांबला. परत सोडला. परत तसाच.

"हे कोण सांभाळतं?"

अब्रार म्हणे, "कोणी नाही, मॅडम. मशीन शेडमंधी नेता नेता मी एक हात मारून देतो."

"आणि बादल?"

"ते इकडं येतच नाहीत. म्हणतात, सरावाचं आहे, कोण पाहते?"

मॅडमनं एकदा माह्याकडं पाह्यलं. मंग म्हणे, "तरीच. नववं भोक इथं हलवा. या पोरी इथंच खेळतील." डिझायनरच्या नकाशावर त्याइनं पेनानं एक बाण फिरवला, बस. मैदान पास! गझालानं मॅडमले मिठी मारली, बापाले मिठी मारली, चुकून मलेही मारली.

हाफिजभाईनं हळूच विचारलं, "और बादल? काढून टाकू?"

"अजिबात नको!" मॅडम म्हणाल्या. "काढलं तर जाता जाता काहीतरी करून जातील. त्यांना ठेवा. पण स्पर्धा संपेपर्यंत बसवून ठेवा. खुर्चीवर. उठले तर स्पर्धा रद्द."

गहू कापला नाही, बरं का. काकूनं ऐकलंच नाही. पेरला कोणी बी असो, आता उगवला ना, मंग त्याची रीतीनं बोळवण झाली पायजे! तीजच्या शेवटच्या दिवशी तांड्यातल्या पोरीइनं अन् त्या खेळाडू पोरीइनं मिळून तो हातानं उपटला. ज्यानं पेरला तो रांगेत पायजे म्हणून मलेही पोरीइच्या रांगेत उभं केलं, अन् काकू म्हणे, "रड!" मले सोंग कराच लागलं नाही. म्हाताऱ्याइनं कोंब पागोट्यात खोचले. हाफिजभाईनं शर्टाच्या खिशात ठेवले, पेनाच्या बाजूले.

मंग स्पर्धा झाली. चारही दिशेनं गर्दी, चेंडू उडून राह्यले, टाळ्या वाजून राह्यल्या, अन् मी ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत! एका बाजूले बबिता, दुसऱ्या बाजूले रुपीकाकू. दुसऱ्या ग्रीनवर मले एक पान पडलेलं दिसलं. अर्धा उठलो, तर काकूनं शर्टाचा काठ धरून मले खाली ओढलं. तिसऱ्या ग्रीनवर गवत जरासं फिक्कट वाटलं. मी डोळेच मिटले. पाय खुर्चीखाली आपलेआपण चालून राह्यले होते.

गझाला काही जिंकली नाही, पण सरावाच्या त्या ग्रीनवर तिनं दुरून असा चेंडू भोकात घातला, की काकूनं मले सोडून टाळ्या वाजवल्या. जिंकली ती बाहेरची एक उंच पोरगी. बक्षीस घेतल्यावर ती ओसरीवर आली. हाफिजभाईनं मोठ्या थाटात माही ओळख करून दिली, "आमचे हेड ग्रीनकीपर."

"इतकी सुंदर ग्रीन मी कुठंच पाहिली नाहीत!" ती म्हणे. "काय करता तुम्ही नेमकं?"

हाफिजभाईनं आकाशाकडं पाह्यलं. अब्रारनं मशीनकडं पाह्यलं. बबितानं माह्याकडं पाह्यलं.

"बसतो, मॅडम," मी म्हटलं.

तिनं माहा हात हातात घेतला, जोरात हलवला, अन् म्हणे, "असंच चालू ठेवा!"